बेचाळीस काचा

शिबिराच्या यादीत मी बेचाळीस नावं लिहिली होती आणि बेचाळीसच्या बेचाळीस बायका आल्या. नोकरीत मी शेकडो याद्या केल्या, पण इतकी तंतोतंत उतरलेली दुसरी नाही. इतकी चुकलेलीही दुसरी नाही. त्या बायकांना घरोघर जाऊन गोळा करणाऱ्या सुईण गयाबाई तपासणीच्या खोलीबाहेर दाराशी लेकरं सांभाळत बसल्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांच्या अंगावरून रक्त जात होतं. त्यांचं नाव माझ्या यादीत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली, आणीबाणी उठल्यानंतरची ही गोष्ट. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही परभणीचे. माझं उपकेंद्र डोंगरकड्याजवळ होतं आणि त्याखाली पाच गावं. गयाबाईंच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांची माणसं तिथं आहेत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी. खरं काम लिहिण्याचं. जन्म, मृत्यू, लस, ताप, गरोदर बाया, या सगळ्यांची रजिस्टरं होतीच. पण सगळ्यांत जाड, आणि वरचे साहेब सगळ्यांत आधी मागत ते, जोडप्यांचं रजिस्टर. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, वय, लेकरं किती, ऑपरेशन झालं की नाही. बाईचं वय पंचेचाळीसच्या पुढं गेलं किंवा नवरा वारला की ते जोडपं रजिस्टरातून कमी करायचं. कमी करायची माझी पद्धत होती. पट्टी लावून लाल शाईची सरळ रेघ. इतर नर्सबाया खाडाखोड करायच्या, माझं रजिस्टर साहेब दुसऱ्या केंद्रांना दाखवायला न्यायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

एके दिवशी निरोप आला की औरंगाबादहून एक डॉक्टरीणबाई येणार आहेत. कळमनुरीला बाजाराच्या दिवशी एका शाळेच्या दोन खोल्यांत त्या बायकांची तपासणी करतील. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो, तो आधी बरीच वर्षं काही न दुखता, काही न दिसता आत असतो. एका चपट्या लाकडी काडीनं पिशवीच्या तोंडावरून हलकंसं खरवडायचं, ते काचेच्या पट्टीवर पसरायचं, काच स्पिरिटच्या बरणीत बुडवायची आणि मोठ्या दवाखान्यात पाठवायची. तिथं दुर्बिणीखाली बघतात. वेळेत कळलं तर बाई वाचते. मी अठरा महिन्यांचं शिक्षण घेतलेली नर्स, पण हे असं वेळेआधी कळू शकतं हे मी त्या निरोपाच्या कागदावर पहिल्यांदा वाचलं.

मी ताबडतोब यादीला बसले. समोर जोडप्यांचं रजिस्टर उघडं होतं. लाल रेघ नसलेली नावं घेतली, त्यातून यायला तयार होतील अशी बेचाळीस काढली.

नावं काढणं सोपं, बाया काढणं अवघड. आणीबाणीत गावोगाव ऑपरेशनसाठी गाड्या फिरल्या होत्या. माझी पांढरी साडी दिसली की बाया मागच्या दारानं शेतात पळायच्या. गयाबाईंशिवाय हे काम होणार नव्हतं.

गयाबाई बौद्ध वस्तीत एकट्या राहायच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, लेक नांदेडला दिलेली. पंचावन्नच्या पुढचं वय, अंगानं काटक, आवाज असा की नाल्यापलीकडच्या माणसाला कुजबुजल्यासारखा ऐकू जावा. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती. सरकारी दाई-प्रशिक्षणात त्या माझ्याकडेच शिकल्या होत्या आणि मिळालेली ॲल्युमिनियमची पेटी लखलखीत ठेवायच्या. मी त्यांना मावशी म्हणे, त्या मला बाई.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गप्प केलं. मी ओट्यावर जमलेल्या दहापंधरा बायांना नेहमीसारखं विचारलं, "कुणाला अंगावरून जायची तकलीफ आहे का?"

"न्हाई बाई." सगळ्या एका सुरात.

गयाबाई हसल्या. "असं इचारलं तं कोन सांगंल? सरा तुमी." मग त्यांनी एकीकडे बोट दाखवलं. "काहून गं, तुझी कंबर कवापासून धरली?"

"दोन सालं झाली, मावशी."

"आन् लुगडं बाजूला धुतीस ते?"

"ते व्हयच की. वासच तसा येतो."

"तुझं?"

"माझं तिसऱ्या पोरापासून."

एकामागून एक बाई बोलत गेली. एकही 'नाही' म्हणाली नाही. मी वही धरून नुसती उभी होते. पाच वर्षं मी या ओट्यावर येत होते, आणि पाच वर्षं माझ्या वहीत या तक्रारीच्या रकान्यात 'निरंक', म्हणजे काही नाही, लिहिलेलं होतं.

"मग आजवर सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं?" पाटलांची सून म्हणाली. "बाईच्या जातीला ते असतंयच."

पुढचे आठ दिवस गयाबाई कापसाच्या वेचणीत बायांच्या मागं फिरल्या. त्यांचं समजावणं माझ्या कागदात बसणारं नव्हतं.

"ऑपरेशन न्हाई, तांबी न्हाई, काई न्हाई. काचेवर पिशवीचा फोटू काढतेत."

"फोटू कोन बघतो? बाप्या?"

"मोठ्या दवाखान्यातला डाक्टर बघतो. पर त्या फोटूवर तुझं थोबाड न्हाई, घाबरू नको. त्याला काय कळतंय कोनाचं हाय ते."

"अन् सासूनं इचारलं तं?"

"बाजाराला चालले म्हन. मिरच्या आन माघारी येताना, बस."

म्हणूनच बाजाराचा दिवस सोयीचा पडला. बेचाळीस बाया बेचाळीस पिशव्या घेऊन मिरच्या आणायला निघाल्या आणि शाळेच्या ओसरीत येऊन बसल्या.

आतल्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी आत बघायचं लोखंडी उपकरण उकळत्या पाण्यातून काढलं आणि ओसरीत एकदम हलकल्लोळ झाला. दोन बाया चपला शोधायला लागल्या. उकळायचं राहिलेलं तसलंच दुसरं माझ्या हातात होतं. गयाबाईंनी ते घेतलं, सगळ्यांपुढं धरून उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बघा. कोंबडीची चोच हाय. कोंबडीला भिता व्हय गं? तुमच्या पोरांची डोकी मी बाहेर काढली, तवा कुठं पळाल्या न्हाई."

हशा झाला. त्या हशातच कुणीतरी मला विचारलं, "बाई, तुमी केलं का हे?"

"केलंय की," मी म्हणाले.

मी केलेलं नव्हतं. वेळ नव्हता, कारणही वाटत नव्हतं, आणि खरं तर मलाही भीती वाटत होती. गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि उपकरण परत दिलं.

काम भराभर चाललं. मी काचेवर पेन्सिलीनं नंबर घालत होते, वहीत नावापुढं खूण करत होते. आत जाणारी बाई तान्हं पोर गयाबाईंच्या मांडीवर टाकून जाई. तिसाव्या काचेच्या आसपास डॉक्टरीणबाई थांबल्या आणि हात धुता धुता म्हणाल्या, "सिस्टर, या सगळ्या तरुण आहेत. मोठ्या बायका कुठे आहेत?"

"मॅडम, रजिस्टरप्रमाणे आणल्यात."

"कोणत्या रजिस्टरप्रमाणे?"

मी अभिमानानं रजिस्टर पुढं केलं. त्यांनी चार पानं उलटली. लाल रेघांवर बोट ठेवलं. "या कोण?"

"या कमी केलेल्या. विधवा, किंवा वय झालेलं."

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "हा आजार पस्तिशी-चाळिशीनंतर वाढत जातो. पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं तर ती आम्हाला सगळ्यांत आधी बघायला हवी असते. आणि तुम्ही नेमक्या त्याच रेघ मारून काढल्यात? नवरा मेला की बाईची पिशवी पण मरते का?"

खोलीत मी आणि त्या दोघीच होतो, तरी मला सगळ्या ओसरीनं ऐकलंय असं वाटलं. मी बाहेर आले. समोर गयाबाई. दोन्ही मांड्यांवर एकेक पोर, तिसरं पाठीशी.

"मावशी, शेवटी तुमचीही काच घेऊ."

"आन् ही लेकरं कोन धरंल? तुमचा शिपाई?"

"मी धरते."

"मला काय धाड भरली? मी सुईन हाय बाई. तुमी तुमच्या यादीतल्या बघा."

बेचाळीसही काचांच्या बरण्या बांधून मी बाहेर आले तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. पहिल्या गाडीनं. ज्या बाईनं सगळ्यांना माघारी नेण्याचं कबूल केलं होतं, ती कुणालाही न सांगता गेली, याचं मला नवल वाटलं. एवढंच. मी पुढं विचार केला नाही.

दहाएक दिवसांनी मी फेरीवर गेले. दुपारची वेळ, ऊन तापलेलं. गयाबाईंकडं चहा ठरलेला असे. घरात शिरलं की उदाचा दाट धूर. बुद्धाच्या तसबिरीपुढं त्या उदबत्ती लावत, पण शिवाय मातीच्या भांड्यात ऊद सतत जळत असे. मला ते बाळंतिणीला धुरी देणाऱ्या बाईची सवय वाटत आलेलं. मी हात धुवायला मागं न्हाणीत गेले. न्हाणी म्हणजे तुरीच्या तुराट्यांचा कूड. तांब्या ठेवताना कुडाच्या आतल्या बाजूला, तुराट्यांच्या दोन थरांत खोचलेला कपडा दिसला. मग दुसरा. तिसरा. धुतलेले, ओले, आणि डाग न निघालेले.

आमच्या भागात बायका पाळीचे कपडे तिथंच लपवतात. उन्हात वाळवणं चांगलं हे मी शंभर वेळा सांगितलेलं, कुणी ऐकलेलं नव्हतं. म्हणून कपड्यांचं मला काही वाटायला नको होतं. पण त्या घरात एकच बाई राहत होती. तिची पाळी जाऊन वर्षं लोटली होती. आणि मग वास आला. उदाचा नव्हे, वेगळाच. तो वास मी दवाखान्यात एकदाच घेतला होता, आणि ती बाई त्याच महिन्यात गेली होती. घरातला ऊद कशासाठी जळत होता ते मला त्या न्हाणीत उभ्या उभ्या कळलं.

मी बाहेर आले. चहा चुलीवर उकळत होता.

"मावशी, किती दिवस झाले?"

त्यांनी मान वर केली नाही. "काय किती दिस?"

"मी कूड बघितला."

त्या फुंकणीनं जाळ फुंकत राहिल्या. जाळ पेटलेलाच होता. "दोन सालं," त्या म्हणाल्या. "आधी थोडं थोडं. आता थांबतच न्हाई."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही? तुम्ही? सगळ्या गावाला दोन वाक्यांत बोलतं करता, आणि..."

"कोनाला सांगू?" त्यांनी फुंकणी खाली आपटली. "रांडमुंड बाईला लाल येतंय म्हनलं तं गाव काय म्हनंल? कुठं तोंड काळं करून आली आन् पाडून आली, हेच म्हनंल. आन् तेबी सोसलं असतं. पर मी सुईन हाय. इटाळशी बाई बाळंतिनीच्या खोलीत जाती व्हय?"

"तुमच्यात विटाळ पाळत नाहीत ना आता?"

"आमच्यात न्हाई. आमी सोडला. ज्यांच्या घरी मी जाते त्यांनी सोडला का? लेकरू काढायला मला आत घेतेत, मी बाहेर आले की पानी शिंपडतेत. त्यांना कळलं की मी दोन सालं वाहत्या अंगानं त्यांच्या बाळंतिनीला हात लावला, तं?" त्यांचा तो नाल्यापलीकडं जाणारा आवाज एकदम बसला. "आन् बाई, ते मधल्या आळीतलं पोरगं गेलं न्हाई का, आखाडात. ते माझ्यानंच गेलं."

मला ते पोर आठवत होतं. माझ्या वहीत होतं. "ते सातव्या महिन्यात झालं होतं, मावशी. मूठभर होतं. मोठ्या दवाखान्यातसुद्धा जगलं नसतं."

"तुमच्या वहीत तसं हाय. माझ्या डोक्यात तसं न्हाई."

मी हबकून गेले. मी तिला दाईचं शिक्षण दिलं होतं. हात कसे धुवायचे, ब्लेड कसं उकळायचं, नाळ कुठं बांधायची. तिच्या स्वतःच्या अंगाबद्दल मी तिला एक अक्षर शिकवलं नव्हतं, कारण पुस्तकात ते नव्हतं. दोन वर्षं ही बाई मरण अंगात घेऊन दुसऱ्याच्या पोराच्या मरणाचा दोष वाहत होती, आणि मी तिच्या घरी चहा पीत होते.

"उद्या नांदेडला जायचं," मी म्हणाले. "मी येते बरोबर."

"मी न्हाई येनार."

"मावशी, यात जीव जातो."

"मग बायांना खोटं काहून बोललीस?" पहिल्यांदा त्या मला अगंतुगं बोलल्या. "केलंय की, म्हनलीस. मी दारात बसून मोजून राहिले व्हते. बेचाळीस बाया आत गेल्या, बेचाळीस काचा बाहेर आल्या. तुझी कुठं हाय? तुलाबी भ्या वाटतंय आन् मला सांगून राहिली."

"आधी तू झोप त्या तपासनीच्या फळीवर," त्या म्हणाल्या. "माझ्या म्होरं. मग मी झोपते."

तसंच झालं. गावात सांगितलं, लेकीकडं चालल्यात. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांना ही अट विचित्र वाटली असणार, पण त्यांनी काही विचारलं नाही. मी टेबलावर झोपले आणि गयाबाई माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या. लोखंड थंड होतं. मी अंग आवळून घेतलं. बायांना 'ढिलं सोडा, ढिलं सोडा' म्हणताना मी काय मागत होते ते तेव्हा समजलं. गयाबाईंनी बाळंतिणीला धरतात तसं मला खांद्याला धरलं. "झालं, झालं पोरी. सोड आंग." मिनिटभरात संपलं.

मग त्या झोपल्या. डॉक्टरांनी उपकरण लावलं, आणि काचेसाठी घेतलेली काडी परत ट्रेमध्ये ठेवली. काचेची गरज नव्हती. फुलकोबीसारखं वाढलेलं होतं, हात लागला की रक्त. बाहेर येऊन ते मला हळू आवाजात म्हणाले, "एक वर्ष आधी आणलं असतं तर." मुंबईला नेऊन लाईट, म्हणजे किरणांचा शेक, देता येईल, थोडे दिवस रक्त थांबेल, त्यापुढं काही सांगता येणार नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला असता तर त्यांनी ओळखलं असतं. अर्धापूर मागं पडलं तशा त्या माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "वही हाय का?"

वही माझ्याकडं असतेच.

"लिवा. मधल्या आळीची सोजर. पाळी जाऊन धा सालं झाली, आन् आता पुन्ना दिसतंय. तिच्या सुनेच्या बाळंतपनात मला बोलली व्हती. वाड्यावरची थोरली जाऊबाई, ती तं विधवाच हाय. तिनं मला पायावर हात ठेवून शपथ घातलीय, तवा माझं नाव सांगू नका. सुताराची आई."

"मावशी, थांबा. हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"सुईनीला सगळं ठाव असतंय. पर तुमी कवा इचारलं? तुमी रजिस्टर घेऊन यायच्या. त्यात या बाया नव्हत्या." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "लिवा की. गाडी हालतेय म्हनून थांबल्या का?"

मी लिहीत राहिले. सगळ्या विधवा, सगळ्या म्हाताऱ्या. माझ्या रजिस्टरात लाल रेघ मारलेल्या, एकूण एक. डोंगरकडा आलं तेव्हा अकरा नावं झाली होती. मी पेन बंद करायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

"वर जागा हाय का?"

"कशाला?"

"पयलं माझं लिवा. न्हाईतर बाया म्हनतील, आमची नावं सांगितली आन् हिचं कुठं हाय?"

मी सगळ्यात वर, समासाच्या बाहेर, त्यांचं नाव लिहिलं. माझ्या वह्यांत समासाबाहेर लिहिलेलं तेवढं एकच आहे.

मुंबईला लेक-जावई घेऊन गेले. रक्त थांबलं. पाच-सहा महिने बरे गेले. त्या काळात त्यांनी बाळंतपणं सोडली आणि ज्यांच्या घरी जात होत्या त्या प्रत्येक घरी जाऊन का सोडली ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मधल्या आळीत, त्या गेलेल्या पोराच्या घरीही गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, परत आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. त्या गेल्या तेव्हा मी दुसऱ्या गावात लसीकरणाला होते. निरोप संध्याकाळी मिळाला.

डॉक्टरीणबाई पुन्हा बाजाराच्या दिवशी आल्या, तेव्हा मी जोडप्यांचं रजिस्टर घरी ठेवलं आणि ती वही नेली. अकरातल्या नऊ जणी आल्या. दोघींच्या काचेवर सुरुवातीची लक्षणं निघाली, वेळेत उपचार झाले. सोजर त्यातली एक. माझ्या बदलीच्या निरोप समारंभाला ती पुढच्या रांगेत बसून पान खात होती. उरलेल्या दोघींकडं मी तीनदा गेले. त्या आल्या नाहीत. त्यांची नावं माझ्या डोक्यात आहेत.

त्या दुसऱ्या शिबिरात ओसरीत कुणी हसत नव्हतं. लेकरं धरायलाही कुणी नव्हतं, तशी लेकरंही नव्हती. नऊ म्हाताऱ्या पदर घट्ट धरून भिंतीला टेकून बसलेल्या. मी दारात जाऊन पहिलं नाव पुकारलं. वाड्यावरची थोरली जाऊबाई उठली, दोन पावलं आली आणि थांबली.

"बाई," ती म्हणाली, "खरं सांगा. तुमी केलंय का?"

"केलंय," मी म्हणाले. "गयाबाईंच्या समोर."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, मिरच्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेली.